सव्वीस रांगा आणि मबरूका

अंगणाला फरशी बसवताना तिजानींचा हेतू अगदी शुद्ध होता. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यावरून गावाने त्यांना निदान तीन वेगवेगळे हेतू चिकटवले आणि त्यातला एक थेट खुनाचा होता.

चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला वाकडं, उंचसखल आणि अदमासे असं काही बघवत नाही. त्यांचं अंगण या तिन्ही दोषांनी युक्त होतं. एका कोपऱ्यात पुदिना, दुसऱ्या कोपऱ्यात लसूण, मध्ये लिंबाचं झाड, त्याच्या मागे रोटी भाजायची मातीची जुनी भट्टी, तीही एका बाजूने ढासळलेली. झगवान डोंगराच्या पायथ्याशी हिवाळा लागला की या सगळ्याचा मिळून एकच चिखल व्हायचा आणि तो तिजानींच्या बुटांवरून दिवाणखान्यात यायचा. निवृत्तीनंतर माणसाचं बुटांकडे फार लक्ष जातं.

नोव्हेंबरात त्यांची बायको झकिया, गावासाठी आदराने लल्ला झकिया, दरवर्षीप्रमाणे तीन आठवडे बहिणीकडे जैतून उतरवायला गेल्या. तिजानींनी संधी साधली. आल्यावर बाईसाहेबांचे डोळे दिपले पाहिजेत! त्यांनी उस्ता लमीन गवंड्याला बोलावलं. करड्या रंगाच्या सिमेंटच्या फरशा, पंधरा-पंधराच्या सव्वीस रांगा, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. उंबऱ्यापाशी मात्र एक फरशी अगदी सपाट हवी होती. ती तिजानींनी गुडघे टेकून स्वतःच्या हाताने बसवली आणि तिच्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत उस्ताला चहाही पिऊ दिला नाही.

"सी तिजानी," उस्ता लमीन कंबर धरत म्हणाला, "अंगण आहे हो हे, सोनाराचा तराजू नाही."

"उस्ता, मापात पाप नको."

भट्टीही पाडायचं ठरलं होतं. उस्ता म्हणाला, पुढच्या आठवड्यात पाडतो. उस्ता लमीनचा पुढचा आठवडा आजवर कुठल्याही कॅलेंडरात कुणाला सापडलेला नाही. शेवटी तिजानींनी उरलेल्या फरशांची नेटकी चळत भट्टीच्या ढासळलेल्या बाजूला लावून ठेवली, म्हणजे निदान ते भगदाड तरी झाकलं जाईल.

डिसेंबर लागताच झकिया तेलाचे दोन डबे घेऊन परतल्या. दारातून अंगणात पाऊल टाकलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. तिजानी बाजूला पाणसळ घेऊन, सत्कारमूर्तीसारखे अर्धवट झुकून उभे होते.

"पुदिना कुठाय?" झकियांनी विचारलं.

"बाजारात मिळतो."

"लसूण?"

"बाजारात मिळतो."

"मबरूका?"

तिजानींनी "बाजारात" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

मबरूका म्हणजे कासवीण. अडतीस वर्षांपूर्वी झकिया नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा, लेकीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्या आईने खजुरीच्या टोपलीतून सोबत धाडलेली. दरवर्षी थंडी सुरू झाली की ती अंगणात कुठेतरी स्वतःला पुरून घ्यायची आणि मार्चमध्ये, तोंडावर माती घेऊन, काल रात्रीच झोपल्यासारखी बाहेर यायची. कुठे झोपते, हे ती कुणाला सांगत नसे. तिजानींची आतापर्यंत अशी समजूत होती की कासव ही आपलं आपण बघणारी गोष्ट आहे.

"सी तिजानी," झकिया अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला नुसतं तिजानी म्हटलं होतं. नावाआधी 'सी' लावून, परक्या गृहस्थाला लावतात तसं, फक्त दोनदा म्हटलं होतं. एकदा तिजानींनी सासऱ्यांच्या दुकानातला काटा सदोष म्हणून जप्त केला तेव्हा. आणि एकदा ते लेकीच्या साखरपुड्याची तारीख विसरले तेव्हा. ही तिसरी वेळ होती.

"सी तिजानी, तू माझ्या मबरूकाला जिवंत गाडलंस."

"अगं, ती झोपली असेल खाली. झोपू दे की मार्चपर्यंत."

"आणि मार्चमध्ये? तिसरा निखारा पडला की ती उठणार. डोकं वर काढणार. वर काय? तुझं सिमेंट."

हे निखारे म्हणजे जुन्या माणसांचा हिशेब. हिवाळा सरता सरता आभाळातून तीन निखारे पडतात: पहिला हवेत, दुसरा पाण्यात आणि तिसरा, मार्चच्या सहा तारखेला, जमिनीत. तो पडला की माती आतून ऊबदार होते आणि मातीत झोपलेलं सगळं जागं होतं. तिजानींचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण मबरूकाचा असावा, कारण ती आजवर एकदाही चुकली नव्हती. झकिया आत गेल्या आणि दार आपटून लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा तिजानींनी पाणसळ खाली ठेवली. त्या क्षणी ते मनाशी म्हणाले, सहा मार्चच्या आत मबरूका बाहेर काढीन, नाहीतर या घरात तोंड दाखवणार नाही. कुठे दाखवणार, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की तीनशे नव्वद फरशांपैकी नेमकी कुठली उचलायची? पुरुषाची फजिती झाली की भिंतीवरून शेजाऱ्याचं डोकं वर यायचंच. इथे ते फरजानींचं होतं. फरजानी म्हणजे निवृत्त बसचालक. दुसऱ्याने गाडी कशी चालवावी हे सांगायची सवय त्यांना सुटली नव्हती.

"कान लावा," फरजानी म्हणाले. "कासव झोपेत श्वास घेतं. काचेचा पेला पालथा घाला आणि फरशी-फरशीवर ऐका."

हे शास्त्रीय वाटलं. तिजानी लोकरीचा झगा आणि लाल टोपी घालून, पेला कानाशी धरून, फरशांवर पालथे पडले. सहावी रांग, सातवी रांग. पाठीवर झगवानचं वारं, कानात स्वतःच्याच रक्ताची घरघर. तेवढ्यात दुपारच्या नमाजाची बांग झाली आणि गल्लीतून जाणारे चार लोक उघड्या फाटकातून आत डोकावले.

"किब्ला तिकडे आहे, सी तिजानी," त्यातल्या एकाने नमाजाची दिशा दाखवत आदराने सांगितलं.

तिजानी उठले. चौतीस वर्षं ज्यांच्या शिक्क्याला सगळा बाजार घाबरायचा, त्यांना आता दिशा दाखवायची वेळ आली होती. त्यांनी कपडे झटकले आणि आपण फरशीचा उतार तपासत होतो असं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

मग बाशाचं प्रकरण झालं. बाशा हा घरातला बोका. पिवळा, जाडजूड, सरकारी खात्यातल्या जुन्या माणसासारखा एका जागेवर बसण्यात तरबेज. फरजानींच्या ध्यानात आलं की बाशा रोज सकाळी बाराव्या रांगेतल्या चौथ्या फरशीवर जाऊन बसतो आणि हलत नाही.

"जनावराला जनावर कळतं," भिंतीवरून निकाल आला. "खाली मबरूका आहे. फोडा!"

तिजानींनी छिन्नी-हातोडी घेतली आणि जीव मुठीत धरून ती फरशी फोडली. खाली वाळू, वाळूखाली माती, मातीत जरा खोल काहीतरी गोल, टणक आणि चक्क कोमट लागलं. "सापडली!" तिजानी ओरडले. झकिया अनवाणी धावत आल्या. तिजानींनी आनंदाच्या भरात कुदळीचं टोक घालून हलकेच उचकटलं आणि गरम पाण्याच्या नळाचा फवारा थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत उडाला. बाशा ऊब शोधून नळावर बसत होता, यात त्याचा काही दोष नाही. पण त्या दिवसापासून बाशाची विश्वासार्हता संपली. नंतर तो कुठे जाऊन झोपतो याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

झकिया भिजलेल्या पायांनी परत आत गेल्या. या वेळी दार आपटलं नाही, तेच जास्त लागलं.

नळ जोडायला उस्ता लमीन आला. फुटकी फरशी बघून त्याचा चेहरा बाळ पडलेल्या आईसारखा झाला.

"उस्ता, सगळ्या उचलायच्या आहेत," तिजानी म्हणाले.

"मी बसवतो. मी उचलत नाही," उस्ता म्हणाला. "माझ्या बापाने कधी स्वतःचं काम उचललं नाही. लोक काय म्हणतील? उस्ता लमीनची फरशी दोन महिन्यांत उखडली?"

"कासव आहे खाली."

"मी बसवताना कासव नव्हतं. मी बघून बसवतो." मग जरा विचार करून म्हणाला, "एक मोठासा दगड होता, नवव्या रांगेत. फार गोल होता. म्हटलं राहू दे, पाया पक्का होईल."

तिजानी मटकन बादलीवर बसले. नववी रांग त्यांनी त्याच दिवशी अर्धी उचलली. दगड निघाला. दगडच होता. आयुष्यात दगड बघून इतकं हायसं वाटलेला माणूस त्या गावात दुसरा नसेल.

पण खणण्याचा आवाज गावात पोचला होता. त्या भागात नांगर जरा खोल गेला तरी रोमन लोकांचा एखादा खांब वर येतो. त्यामुळे घरात कुणी कुदळ हातात घेतली की गाव एकच अर्थ लावतं: खजिना. भाजीवाल्याने तिजानींना पहिल्यांदाच उधारी चालेल म्हणून सांगितलं. परगावाहून एक सुरमा घातलेला माणूस धुपाचं मडकं घेऊन आला आणि म्हणाला, राखणदार जिन मी बांधून देतो, अर्धा तुमचा, अर्धा माझा, कोंबडा मात्र काळाच लागेल. तिजानी म्हणाले, खाली कासव आहे. त्या माणसाने डोळे बारीक केले. "सोन्याचं?" त्याने विचारलं.

त्याच्यामागोमाग सी शाझली आले. हे वस्तीचे ओमदा, म्हणजे सरकारचे गल्लीतले डोळे, कान आणि शिक्का. खुर्चीत बसून त्यांनी चहा घेतला, खड्डा पाहिला आणि उसासा टाकला.

"विनापरवाना खोदकाम. माझ्या वस्तीत. तुमच्यासारख्या माणसाकडून, सी तिजानी."

"माझ्याच घराचं अंगण आहे."

"अंगण तुमचं. अंगणाच्या खालचं देशाचं. अर्ज करा."

अर्जात खोदकामाचं कारण म्हणून चारच रकाने होते: विहीर, शोषखड्डा, पाया, इतर. तिजानींनी 'इतर'समोर सुवाच्य अक्षरात 'कासव' लिहिलं. शाझलींनी पटकन त्यांचा हात धरला.

"कासव लिहू नका! कासव संरक्षित प्राणी. वनखात्याचा कागद लागेल. ती कुठून आली, कधी आली, जन्माची नोंद आहे का, विचारतील. घरचं झालं थोडं, त्यात आणखी घोडं कशाला?"

तिजानींनी सरकारी कागदावर आजवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. कासव लिहायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही, या कात्रीत त्यांनी अर्धा तास घालवला. शेवटी त्यांनी जे लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता: 'घरातील एका ज्येष्ठ महिला सदस्याचा शोध. नोव्हेंबरमध्ये फरशी बसवताना त्या अनवधानाने खाली राहिल्या.'

कारकुनाने न वाचता शिक्का मारला. पण सरकारात कधीतरी कुणीतरी वाचतंच. तीन दिवसांनी फाटकाशी जीप थांबली. एक तरुण ठाणेदार आणि दोन शिपाई उतरले. गल्ली क्षणात भरली. भिंतीवर फरजानी अगोदरपासूनच होते.

"काका," ठाणेदार फार सौम्यपणे म्हणाला, "बाई कुठे आहेत?"

"खाली," तिजानी म्हणाले. त्यांना वाटलं, अखेर एकाला तरी मबरूकाची काळजी वाटली.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर. मी मुद्दाम नाही केलं हो साहेब. मी उतार बघत होतो."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. "हे मी सांगणारच होतो," भिंतीवरून फरजानी बोलले. "नोव्हेंबरात लल्ला झकिया तीन आठवडे कुणालाच दिसल्या नव्हत्या." याच फरजानींनी मागच्याच आठवड्यात झकियांच्या हातून जैतूनच्या तेलाची बाटली घेतली होती, पण साक्ष द्यायची संधी आयुष्यात वारंवार येत नाही.

"काका, घाबरू नका. त्यांची अवस्था कशी आहे?"

"झोपल्यात. मार्चमध्ये उठतील."

ठाणेदाराने डोक्यावरची टोपी काढली. एका शिपायाने दुआ पुटपुटली. आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात लल्ला झकिया हातात पळी घेऊन उभ्या राहिल्या.

"कोण आलंय? लबलाबी उकळतेय, किती वाट्या काढू?"

यानंतरचा अर्धा तास तिजानींना जसाच्या तसा आठवत नाही. इतकंच आठवतं, की ठाणेदार आणि दोन शिपाई लाल-लाल होऊन हरभऱ्याची तिखट लबलाबी खात बसले होते, शिळ्या भाकरीचे तुकडे रश्श्यात बुडवत होते, आणि झकिया इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पदराआड तोंड लपवून, हसल्या होत्या. हसता हसता पुन्हा डोळ्यांत पाणी आलं ते वेगळं.

"माझ्या आजीकडेही होती एक," ठाणेदार निघताना म्हणाला. "काका, असं इथे-तिथे टोचू नका. एका कडेने सुरू करा, रांगेने चला. आणि हळू. कुदळ नको, हाताने माती काढा. तिला लागायला नको." जीपमध्ये बसता बसता त्याने मान बाहेर काढली. "सोनं निघालं तर मात्र कळवा."

तिजानी दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या कडेने लागले. पहार घालून फरशी सैल करायची, उचलायची, बाजूला रचायची, मग गुडघ्यांवर बसून हातांनी माती चाळायची. एक रांग, एक दिवस. फरजानी भिंतीवरून सूचना देत. चौथ्या दिवशी तिजानींनी त्यांच्या हाती घमेलं दिलं, तेव्हापासून त्यांना गुडघेदुखी सुरू झाली आणि भिंत मोकळी झाली.

तेव्हा कुठे अंगणात शांतता आली. जानेवारीतल्या काळ्या राती म्हणतात त्या सुरू झाल्या होत्या. जुनी माणसं म्हणतात, या वीस दिवसांत मेलेली काठीसुद्धा आतून हिरवी होते. डोंगरावर ढग टेकलेले असत. उघड्या पडलेल्या मातीवर शेपट्या हलवत परीट पक्षी उतरू लागले. एक तांबड्या छातीचा चिमुकला पक्षी तर तिजानींच्या हाताएवढ्या अंतरावर येऊन बसे आणि मातीतून वर आलेला किडा उचलून, पाहणी करायला आलेल्या साहेबासारखा त्यांच्याकडे एकवार बघून, उडून जाई. अडतीस वर्षं या घरात राहून तिजानींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या रांगेखाली एक बेडूक निघाला. त्याला त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत लिंबाच्या आळ्यापाशी नेऊन ठेवलं आणि वर माती पांघरली. आपण बेडकाची माफी मागितली, हे त्यांना मागाहून लक्षात आलं.

झकिया मात्र अजून बोलत नव्हत्या. उघड्या झालेल्या रांगांत त्या मागोमाग येऊन लसणाच्या पाकळ्या आणि वाटाणे टोचत. "खड्डे रिकामे कशाला ठेवायचे?" एवढंच म्हणत. रोज संध्याकाळी तिजानी हात धुताना त्या दारातून नुसती मान वर करून विचारत आणि ते मान हलवून नाही म्हणत. तो एक प्रश्न तिजानींना खणण्यापेक्षा जड जाई.

मग अकरावी रांग झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नवल घडलं. तिजानी बाराव्या रांगेवर वाकले होते आणि मागून गुणगुणणं ऐकू आलं. झकिया होत्या. हातात ज्वारीची वाफाळती गोड पेज, वर तीळ भुरभुरलेले.

"घे, तिजानी. गार होईल."

नुसतं तिजानी! 'सी' गेला होता. तिजानींचे डोळे भरून आले. त्यांनी ते पेजेच्या वाफेवर ढकललं.

"सापडेल ना गं?"

"आशा सोडू नये," झकिया म्हणाल्या. "तू आपला खणत राहा. छान खणतोस."

त्यानंतर रोज चहा येऊ लागला, पुदिन्याचा, वर चिलगोजे तरंगत असलेला. कधी फतीर, म्हणजे तळलेली गरम पोळी, येई. एकदा तर त्यांनी तिजानींच्या पाठीला तेल चोळून दिलं. बायकोच्या मनाचा मोठेपणा बघून तिजानींना स्वतःची जास्तच लाज वाटू लागली आणि ते दुप्पट जोमाने खणू लागले. मधल्या रांगांत उस्ताने माल फारच सढळ हाताने घातला होता. एकेका फरशीला तासतास लागे. पाऊस आला की झगा डोक्यावर ओढून ते बादलीवर बसून राहत. पायाशी बाशा नसे, तो आता भट्टीत वरून उतरून कुठेतरी राखेत झोपायचा, नालायक. फेब्रुवारीत शेळ्याही गारठतात अशी थंडी पडली. पहिला निखारा हवेत पडला, सतरा रांगा झाल्या. दुसरा पाण्यात पडला, बावीस.

पाच मार्चला दुपारी सव्विसावी रांग संपली.

मबरूका नव्हती. तीनशे अठ्ठ्याऐंशी फरशा, फुटकी एक सोडून, भिंतीला टेकून उभ्या होत्या. उंबऱ्याजवळची ती एक सपाट फरशी तेवढी राहिली होती, जी बसवताना खालची माती त्यांनी स्वतःच्या हातांनी दाबली होती. तिच्याखाली काही नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते तिच्यावर बसले. हातांना भेगा, नखांत माती, झगा गुडघ्यांवर फाटलेला. झकिया चहा घेऊन आल्या तर त्यांनी घेतला नाही.

"झकिया, मी तिला मारलं," ते म्हणाले. "फावड्याखाली आली असेल, नाहीतर उस्ताने भरावात कुठेतरी... तुझ्या आईने विश्वासाने दिलेली. मला तुझी मबरूका परत देता आली नाही. तू मला काही बोल. चहा नको देऊस."

झकियांनी चहा उंबऱ्यावर ठेवला. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"उद्या तिसरा निखारा पडायचाय," त्या म्हणाल्या. "तेवढं बघ. मग रड."

सहा तारखेला सकाळी लख्ख ऊन पडलं. तिजानी उंबऱ्यावर बसले होते, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वाटाण्याचे वेल टीचभर झाले होते. परीट सऱ्यांमधून पळत होते. तेवढ्यात भट्टीतून बाशा बाहेर पडला, त्याने आळस दिला आणि मागे वळून पाहिलं. भट्टीच्या भगदाडातून राखेने पांढरी झालेली मबरूका, एक पाय, मग विचार करून दुसरा पाय, अशी बाहेर येत होती.

तिजानी ओरडले नाहीत. ते रांगत तिच्याजवळ गेले, राख पुसली, तिने मान आत घेतली आणि नाराजीने फुसकारली. जिवंत! ते हसत होते, रडत होते, मातीतच बसले होते.

मग, चौतीस वर्षांची सवय, त्यांची नजर बारकाव्यांकडे गेली. भट्टीच्या भगदाडाशी त्यांनी लावलेली फरशांची चळत कालपर्यंत तिथेच होती, आज नव्हती. ती कुणीतरी हलवून व्यवस्थित बाजूला ठेवली होती. आणि आत राखेवर, मबरूकाच्या आकाराचा खळगा पडलेली, झकियांची लोकरी शाल होती. ही शाल जानेवारीत हरवली होती. तिजानींनी ती शोधायला कपाट उपसलं होतं.

ते हळूहळू वळले. झकिया उंबऱ्यात उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तुला कधी कळलं?"

"लसणाला राख घालायची म्हणून घ्यायला गेले होते."

"कधी?"

"तुझी अकरावी रांग झाली होती तेव्हा."

तिजानींनी मनात वजाबाकी केली. हिशेबात ते कधी चुकत नसत.

"म्हणजे पंधरा रांगा, झकिया! सव्वादोनशे फरशा! मी काल इथे बसून रडलो!"

"काल सांगणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, एक दिवस, तिची तिलाच येऊ दे." मग त्यांनी मान वर केली. "तू मला न विचारता अंगण झाकलंस, तिजानी. मी तुला न सांगता ते उघडून घेतलं. आणि अकराव्या रांगेवर सांगितलं असतं, तर तू बाकीच्या पंधरा उचलल्या असत्यास?"

तिजानींनी रागवायचं ठरवलं. त्यांना तसा पूर्ण हक्क होता. त्यासाठी त्यांनी श्वासही भरून घेतला. पण समोर लसणाची हिरवी पाती होती, लिंबाखाली त्यांचा बेडूक होता, तो तांबड्या छातीचा साहेब पाहणीला येऊन ठेपला होता, आणि आजपासून खणायला काहीच नाही या विचाराने त्यांना चक्क चुटपुट लागली. श्वास भरलेला होता, तो त्यांना नुसताच सोडावा लागला.

"बटाटे लावायचे का त्या कोपऱ्यात?" त्यांनी विचारलं.

"लावू या की."

तोवर मबरूका सऱ्या ओलांडत, वाटाण्याचा एक शेंडा जाता जाता खुडत, सरळ उंबऱ्याकडे चालली होती. तिजानी घाईने पहार आणायला उठले, राहिलेली एक फरशीही काढून टाकावी म्हणून. मबरूका त्यांच्या आधी पोचली. तिने त्या फरशीवर चढून चारी पाय पसरले, मान लांबवली आणि उन्हाने तापलेल्या सिमेंटवर डोळे मिटून घेतले.

"राहू दे ती एक," झकिया म्हणाल्या. "तिला आवडलीय."

तिजानींनी पहार खाली ठेवली. मग आत जाऊन पाणसळ आणली आणि मबरूकाची झोप मोडणार नाही अशा बेताने, अगदी हळूच, तिच्या शेजारी फरशीवर टेकवली. झकियाही पाहायला वाकल्या. बुडबुडा मधोमध होता.